खालच्या अंगाचा शेजारी

गेल्या वैशाखात आम्हांस माळव्यात जाण्याचा योग आला. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण अभियंता नोकरीनिमित्त सहकुटुंब उज्जैन येथे राहावयास गेला आहे. त्याच्या पहिल्या कन्येचा बाप्तिस्मा तेथील चर्चमध्ये व्हावयाचा होता आणि तो आमच्या हस्ते व्हावा, अशी त्या उभयतांची इच्छा होती. उतरावयाचे ठिकाण अर्थातच त्यांचे बिऱ्हाड. ते माधव नगरात, एका वृद्ध मराठी गृहस्थांच्या घराच्या माडीवर.

उज्जैन हे नाव मराठी माणसास परके नाही. शिंद्यांची राजधानी पूर्वी येथेच होती. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ती ग्वाल्हेरास नेली. जुने शहर क्षिप्रेच्या काठाला बिलगून आहे. आगगाडीचे रूळ ओलांडून पलीकडे गेले की दुसरेच उज्जैन लागते. तेच माधव नगर. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे (१८७६–१९२५) ह्यांचे नाव ह्या वस्तीस मिळाले, परंतु लोकांच्या तोंडी तिचे नाव फ्रीगंज असेच आहे. सरळ रस्ते, काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्या आणि टॉवर चौकातील घड्याळाचा मनोरा पाहताच ध्यानात येते, की हे नगर आपोआप पसरलेले नव्हे, विचारपूर्वक आखलेले आहे. त्या आखणीत माणसांप्रमाणेच झाडांना आणि मोकळ्या अंगणांनाही जागा होती. आता जुनी घरे एकामागून एक पडत आहेत आणि त्यांच्या जागी चार-पाच मजली इमारती उभ्या राहत आहेत.

आमच्या यजमानांचे घरमालक नाना हे निवृत्त शिक्षक. वय ऐंशीच्या घरात. मागील अंगणात एक कडुनिंब आणि त्याच्या सावलीत चिरेबंदी विहीर. बाप्तिस्म्याच्या दिवशी सकाळी नळास पाणी नव्हते, कारण त्या आठवड्यात ते एक दिवसाआड येत होते. बाळाच्या आईची तारांबळ पाहून नानांनी स्वतः रहाटाला हात घातला. भर वैशाखात विहिरीच्या तळाशी का होईना, पाणी होते. बाळाची आई म्हणाली, “फादर, बाप्तिस्म्यालाही हेच पाणी नेऊ या का?” आम्ही आनंदाने होकार दिला. नानांनी ते पाणी दुहेरी फडक्यातून गाळून तांब्यात भरून दिले.

सायंकाळी अंगणात बसलो असता नानांनी आपले दुःख आम्हांपुढे मांडले. त्यांचे दोन्ही पुत्र परगावी आहेत. घर एका बिल्डरास द्यावे, तेथे बारा बिऱ्हाडांची इमारत व्हावी आणि आपणांस दोन फ्लॅट मिळावेत, असा त्यांचा बेत होता. नकाशा तयार होता. त्यात विहिरीच्या जागी मोटारी ठेवावयाची जागा दाखविली होती.

“फादरजी,” नाना म्हणाले, “मुलांचे काही चुकते असे मी म्हणत नाही. त्यांनाही संसार आहेत. पण विहीर बुजविली तर पाप लागते, असे आमची आई म्हणे. तुमच्या धर्मात काय सांगतात?”

वाचकहो, ह्या साध्या प्रश्नावर आम्ही निरुत्तर झालो. ज्ञान अपुरे होते असे नव्हे. मन स्वच्छ नव्हते. चार वर्षांपूर्वी आमच्याच चर्चच्या आवारातील विहिरीवर आम्ही सिमेंटची लादी घालून घेतली होती आणि सारे अंगण पेव्हर ब्लॉकने मढविले होते. सणाच्या दिवशी चिखल होऊ नये, लग्नाच्या मोटारी नीट उभ्या राहाव्यात, एवढाच हेतू. त्या कामाचे उद्घाटनही आम्हीच केले होते! आम्ही नानांस म्हटले, “नाना, विचार करून सांगतो.” ते हसले आणि म्हणाले, “मग उद्या माझ्याबरोबर नदीवर चला.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्रिवेणीस गेलो. शहराच्या वरच्या अंगास, दक्षिणेकडे हे ठिकाण आहे. येथे क्षिप्रेस खान नदी मिळते. एकीकडे क्षिप्रेचे पात्र, दुसरीकडे काळसर, फेसाळ आणि उग्र वासाचे पाणी वाहून आणणारी खान. ते पाणी घाटांकडे जाऊ नये म्हणून दरवर्षी येथे मातीचा बांध घालतात आणि पाण्याचा लोंढा वाढला की तो बांध फुटतो, असे नानांनी सांगितले. पुढे रामघाटावर आलो, तेव्हा पाणी बरे दिसले. आम्ही तसे म्हणताच नाना उत्तरले, “ही क्षिप्रा नव्हे, फादरजी. ही उसनी नर्मदा आहे.”

ह्या एका वाक्याचा अर्थ उलगडावयास आम्हांस पुढे दोन दिवस लागले. तो येथे थोडक्यात सांगतो, कारण शहरे कशी वाढतात आणि त्या वाढीची किंमत कोण भरतो, हे त्यातून स्वच्छ कळते.

क्षिप्रा इंदूरच्या आग्नेयेस असलेल्या टेकड्यांत उगम पावते, उत्तरेकडे वाहते आणि शेवटी चंबळेस मिळते. ती हिमालयातील नदी नव्हे. तिचे सारे आयुष्य पावसाच्या पाण्यावर. माळव्याची भूमी म्हणजे वर काळी माती आणि खाली काळा पत्थर. पावसाचे पाणी मातीतून झिरपते, पत्थराच्या फटींत साठते आणि पावसाळा सरल्यावर झऱ्यांच्या रूपाने हळूहळू नदीत उतरते. भूमीच्या ह्या ठेवीवरच उन्हाळ्यातील नदी जगत असते. ती ठेव जर हजारो बोअर घालून उपसली आणि वरून जमीन सिमेंटने झाकून नवी भर पडू दिली नाही, तर नदीने वाहावे कशाच्या बळावर? माळव्यात पावलोपावली पाणी लागते, अशी जुनी ख्याती होती. त्याच माळव्यातील क्षिप्रा उन्हाळ्यात आटू लागली.

उज्जैनला दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. १९८०, १९९२, २००४ आणि २०१६ ही त्याची गेली चार वर्षे. पुढचा २०२८ साली येईल. लक्षावधी यात्रेकरू स्नानास येणार आणि नदीस पाणी नाही, ही अडचण दूर करण्यासाठी नर्मदा-क्षिप्रा जोडयोजना आखण्यात आली आणि २०१४ साली नर्मदेचे पाणी प्रथम क्षिप्रेत सोडण्यात आले. योजनेस सुमारे ४३२ कोटी रुपये खर्च आला. नर्मदा खाली दरीत, माळवा वर पठारावर. तेव्हा पंपांनी ते पाणी सुमारे ३५० मीटर उंच चढवून क्षिप्रेच्या उगमापाशी आणावे लागते. उन्हाळ्यात घाटांवर दिसते ते बव्हंशी हे पाणी.

आता खान नदीकडे वळू. ती इंदूरच्या दक्षिणेस उगम पावून त्या शहराच्या मधून वाहते. १९५१ साली इंदूरची लोकसंख्या सुमारे ३ लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती १९ लाखांच्या वर गेली. एवढ्या लोकांस स्थानिक तलावांचे पाणी पुरेना, म्हणून १९७८ सालापासून इंदूरनेही नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्याची चढण चढवून आणले. हे पाणी घराघरांत जाते, न्हाणीघरांतून व शौचकूपांतून बाहेर पडते आणि त्याचा मोठा भाग वर्षानुवर्षे खान नदीत जात आला. खान ते उज्जैनला आणून पोहोचवते.

म्हणजे काय झाले, ते पाहा. एकच नर्मदा दोनदा डोंगर चढते: एकदा मळण्यासाठी आणि एकदा तो मळ धुण्यासाठी! दोन्ही वेळा पंप चालतात, वीज जळते, जनतेचा पैसा खर्च होतो.

खानचे पाणी घाटांवर येऊ नये म्हणून २०१६ च्या सिंहस्थापूर्वी आणखी एक उपाय करण्यात आला. पिपल्याराघो गावापासून सुमारे १९ किलोमीटर लांबीची जलवाहिनी घालून ते पाणी शहरास वळसा घालून उत्तरेकडे कालियादेह महालाजवळ सोडण्यात आले. माळव्याच्या सुलतानांनी पंधराव्या शतकात जेथे क्षिप्रेच्या प्रवाहात कारंजी आणि जलकुंडे खेळविली, ते हे ठिकाण. ही जलवाहिनी पुरी पडत नाही असे दिसून आल्यावर आता २०२८ च्या सिंहस्थासाठी सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या बंद नाल्याचे काम चालू आहे. त्यातील काही भाग भुयारातून जावयाचा आहे.

अभियंत्यांच्या कौशल्याविषयी आम्हांस आदर आहे. यात्रेकरूंनी घाणीत स्नान करावे, असेही कोणी म्हणणार नाही. तथापि एक प्रश्न उरतोच. नळातून घातलेली घाण नाहीशी होत नाही. तिचा केवळ पत्ता बदलतो. कालियादेहच्या पुढेही नदी वाहते. पुढे महिदपूर आहे. १८१७ च्या लढाईमुळे हे नाव इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असेल. वाटेत कित्येक खेडी आहेत. तेथील शेतकरी त्याच नदीचे पाणी शेतास देतो, त्याची गुरे तेच पाणी पितात. त्याच्या गावी सिंहस्थ भरत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळा नळ कोणी टाकीत नाही.

येथे आम्हांस प्रभूने सांगितलेला दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आठवला. आपला शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने विचारले, तेव्हा प्रभूने यरुशलेमहून यरीहोकडे निघालेल्या वाटसरूची गोष्ट सांगितली. यरुशलेम डोंगरावर आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. तो वाटसरू उतारावर लुटला गेला. त्याला पाहून बाजूने निघून गेलेल्यांत पहिला एक याजक होता, हे आम्हां धर्मगुरूंनी तरी विसरू नये. आजच्या शहरांच्या युगात शेजारी म्हणजे केवळ भिंतीपलीकडचा माणूस नव्हे. आपल्या मोरीतून निघालेले पाणी ज्याच्या दारी पोहोचते, तो खालच्या अंगाचा माणूस आपला शेजारी होय. दिवंगत परमगुरुस्वामी फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक लिहिले. निसर्गाची हानी आणि गरिबांची विपन्नावस्था हे दोन निरनिराळे प्रश्न नव्हेत, हेच त्यात त्यांनी आवर्जून मांडले.

ह्यात इंदूरकरांस दोष देऊन मोकळे व्हावे असा आमचा हेतू नाही. घराघरांतून ओला व सुका कचरा वेगळा घेण्याची शिस्त त्या शहराने लावली आणि २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सतत अग्रस्थान राखले. २०२२ साली तेथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रेही उभारली गेली. शिवाय उज्जैनचे स्वतःचे नाले क्षिप्रेत मिळत आलेच आहेत. माधव नगरचे सांडपाणीही कोणाच्या तरी खालच्या अंगासच जाते.

आणि आपण महाराष्ट्रातील लोक तरी वेगळे काय करतो? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि पवनेतून भीमेस मिळते, तेथून उजनी धरणात जाते आणि त्याच उजनीवर सोलापूर आपली तहान भागविते. पंचगंगेच्या वरच्या अंगास कोल्हापूर, खालच्या अंगास इचलकरंजी. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ पसरली आणि अनेक घरांतून माणसे गेली. उज्जैनचे चित्र हे आपल्याच घराचे चित्र आहे.

विशेष हे, की ह्या दुखण्याचे औषध माळव्यात शंभर वर्षांपूर्वीच सांगितले गेले होते. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून इंदूरला आले आणि १९१८ साली त्यांनी नगरविकासाचा दोन खंडांचा अहवाल सादर केला. डासांच्या भीतीने तलाव बुजवू नयेत, त्यांत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडावेत. मैलापाणी नदीत न लोटता बागांच्या मातीस द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९२४ ते १९३१ ह्या काळात अल्बर्ट हॉवर्ड ह्या कृषिशास्त्रज्ञांनी इंदूर येथेच, यशवंत वाड ह्या सहकाऱ्याच्या साहाय्याने, काडीकचरा व शेणमूत ह्यांपासून उत्तम खत करण्याची रीत सिद्ध केली. ती आज जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. मातीचे मातीस परत द्यावे, हे सूत्र ज्या शहराने जगास शिकविले, त्याच शहराच्या नदीवर ही वेळ यावी, ह्यास काय म्हणावे?

उज्जैनचे पूर्वजही काही अडाणी नव्हते. रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, रत्नाकरसागर, विष्णुसागर आणि पुरुषोत्तमसागर असे सात तलाव त्यांनी पवित्र मानून राखले. तलाव पवित्र ठरविला की त्यात घाण टाकावयास हात धजत नाही. पावसाचे पाणी तेथे थांबे, जमिनीत मुरे आणि विहिरींस उतरे. पुढे जमिनीचे मोल पाण्याच्या मोलाहून अधिक वाटू लागले, तेव्हा ह्या सागरांच्या काठांवर अतिक्रमणे झाली. आज उज्जैनला पिण्यासाठी मुख्यतः गंभीर नदीवरील धरणाचे पाणी मिळते. त्याच गंभीर नदीवर वरच्या बाजूस इंदूरचा यशवंतसागर आहे. तो भरून त्याचे दरवाजे उघडले, की खालच्या धरणात पाण्याची आवक वाढते. म्हणजे पिण्याच्या पाण्यासही उज्जैनने वरच्या शेजाऱ्याकडेच पाहावयाचे!

परतीच्या आदल्या रात्री आम्ही आणि आमचे अभियंता यजमान कागद-पेन्सिल घेऊन नानांजवळ बसलो. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागते, असे शासकीय प्रमाण आहे. बारा बिऱ्हाडे, प्रत्येकी पाच माणसे धरली तर रोज ८,१०० लिटर पाणी आत यावयास हवे. त्याच्या चार-पंचमांश, म्हणजे सुमारे साडेसहा हजार लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडणार. आज त्या जागेवर दोन कुटुंबे राहतात. आणखी दहांचे पाणी कोठून यावयाचे आणि त्यांचे सांडपाणी कोणाच्या दारी जावयाचे, ह्याचे उत्तर नकाशात नव्हते. मोटारींचे उत्तर मात्र होते.

मग दुसरा हिशेब केला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. उज्जैनचा सरासरी पाऊस ९०० मिलिमीटरच्या आसपास. शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षास ९०,००० लिटर पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी ७२,००० लिटर हाती लागते. पाच माणसांच्या एका कुटुंबाची ही साडेतीन महिन्यांची बेगमी होय. हे पाणी पन्हळीतून, वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत सोडले, तर ते नानांस आणि त्यांच्या गल्लीतील शेजाऱ्यांसही मिळेल. विहीर बुजविली तर तेच पाणी रस्त्यावरून नाल्यात आणि नाल्यातून नदीच्या पुरात जाईल.

“नाना,” आम्ही म्हणालो, “विहीर बुजविणे पाप की नाही, हा प्रश्न तुमच्या मातोश्रींनी योग्य केला होता. आम्हांस आता असे वाटते: घर वाढविणे पाप नव्हे. माणसांस निवारा हवाच. परंतु आपल्या घराचे पाणी कोठून येते आणि घाण कोठे जाते, हे न विचारता घर वाढविणे हा शेजाऱ्याचा अपराध आहे, आणि तो देवाचाही आहे.”

नानांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले. “तुमच्या चर्चमध्ये विहीर असेल की, फादरजी?”

आम्ही खरे ते सांगितले. नाना काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या मौनाने आमची झडती घेतली.

नगरे वाढणारच. ती शहाणपणाने वाढावीत, ह्यासाठी मोठे उपाय शासनाने आणि नगरपालिकांनीच करावयाचे आहेत. सांडपाणी जेथे निर्माण होते तेथेच शुद्ध करावे. शुद्ध झालेले पाणी बागांस, शेतास आणि कारखान्यांस द्यावे. तलाव व नदीकाठ बांधकामापासून मुक्त ठेवावेत. नव्या इमारतीस परवानगी देताना खोल्यांइतकाच पाण्याचाही हिशेब मागावा. हे सारे आपण नागरिक म्हणून मागितले पाहिजे. परंतु मागणाऱ्याचे अंगण स्वच्छ असावे लागते. छपराची एक पन्हळ विहिरीस जोडणे, मोरीच्या पाण्यावर चार केळी वाढविणे, ओला कचरा मातीस देणे, अंगणाचा निदान अर्धा भाग उघडा राखणे, ही कामे कोणत्याही कुटुंबास अशक्य नाहीत.

आषाढात आमच्या अभियंता मित्राचा दूरध्वनी आला. नानांच्या पुत्रांनी तो हिशेब पाहिला आणि नकाशा बदलावयास लावला. इमारत होणार आहे. पण विहीर राहील आणि छपराचे पाणी तीत उतरेल. त्यापायी चार मोटारींची जागा कमी झाली आणि बिल्डरने पैशांची ओढाताण केली, ती मुलांनी सोसली. कडुनिंब मात्र वाचला नाही. तो जिन्याच्या आड येत होता. नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

आमच्या धर्मग्रामाच्या सभेत आम्ही विहिरीचा विषय काढला, तेव्हा प्रथम बरीच कुरबूर झाली. एका ज्येष्ठ गृहस्थांनी तर विचारले, “फादर, चार वर्षांपूर्वी तुम्हीच लाद्या घालावयास सांगितल्या होत्या ना?” आम्ही “होय, आमची चूक झाली” एवढेच म्हणालो. शेवटी अर्ध्या अंगणावरील ठोकळे काढावयाचे ठरले. तरुणांनी दोन रविवार मिस्सेनंतर श्रमदान केले. विहिरीवरील लादी उचलून तिच्या जागी जाळी बसविली आणि चर्चच्या छपराच्या दोन पन्हळी गाळणीतून तीत सोडल्या. त्या आठवड्यात पाऊस झाला. अंगणात चिखल झाला, तक्रारीही आल्या. रात्री आम्ही कंदील घेऊन विहिरीपाशी गेलो, तेव्हा आत पाणी पडत असल्याचा आवाज येत होता.